जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअर झटके मारतोय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

दहा-बारा वर्षं वापरलेली ऑटोमॅटिक गाडी झटके मारायला लागली, की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य कानावर पडतं ते "गिअरबॉक्स गेला". कधी तो खरंच गेलेला असतो. पण बॅटरी मेलेली असली, इंजिनचं फाउंडेशन (इंजिन ज्या रबराच्या आधारांवर बसतं ते) तुटलेलं असलं, ऑइल कमी झालेलं असलं किंवा एखाद्या सिलिंडरवर इंजिन मिसिंग करत असलं, तरी सीटवर बसलेल्याला तसाच झटका लागतो. गिअरबॉक्स उतरवणं हे यातलं सगळ्यात महाग काम. शिवाय एकदा तो उघडला, की मूळ दोष आत होता की बाहेर, हे सिद्ध करणं अवघड होतं. म्हणून तपासाचा क्रम एकच ठेवायचा: फुकटातलं आधी, थोड्या पैशांचं मग, आणि पाना लावायचा सगळ्यात शेवटी.

गाडीत नक्की कोणता ऑटोमॅटिक आहे?

क्लचचं पेडल नाही, एवढ्यावरून काहीच कळत नाही. भारतात विकल्या गेलेल्या होंडा सिटीचंच बघा. २००८ च्या आधीच्या पिढीत ऑटोमॅटिक म्हणजे सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा) होता, २००८ ते २०१३ च्या गाडीत पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून पोचवणारा) आला आणि २०१४ पासून पुन्हा सीव्हीटी. पेट्रोल डिझायरमध्ये आधी चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर होता, २०१७ च्या मॉडेलपासून एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर यंत्र चालवतं). नाव तेच असलं तरी आतलं यंत्र वेगळं, ऑइल वेगळं आणि दुखणंही वेगळं. त्यामुळे "माझ्या मित्राच्या सिटीला असंच झालं होतं" हा सल्ला वर्ष विचारल्याशिवाय घेऊ नका.

लिव्हरवर 'पी' नसेल, फक्त आर, एन, डी आणि मॅन्युअलची खूण असेल, तर ती बहुधा एएमटी. 'पी' आहे आणि वेग वाढताना गिअर पडल्याचं जाणवतच नाही, तर सीव्हीटी. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या डीएसजी लिहिलेल्या गाड्या ड्युअल क्लचच्या (डीसीटी, म्हणजे दोन क्लच असलेल्या), फोर्डची पॉवरशिफ्टही त्याच जातीची. बाकीच्या बहुतेक जुन्या पेट्रोल गाड्या, म्हणजे आय-१०, एसएक्स-फोर, ए-स्टार वगैरे, चार-पाच गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरच्या. खात्री गाडीच्या मॅन्युअलमधूनच करा. मी इथे मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरबद्दल लिहितोय. बाकीच्यांचं पुढे थोडक्यात येईल.

तक्रार कागदावर उतरवा

"गाडी झटका मारते" एवढ्यावर कुठलाच मेकॅनिक नेमकं काही सांगू शकत नाही. झटका कधी येतो ते लिहा: सकाळी थंड असताना की अर्धा तास ट्रॅफिकमध्ये तापल्यावर? 'पी'मधून 'डी'त टाकताना, की चालत्या गाडीत दुसऱ्याचा तिसरा पडताना? हलक्या रेसवर की पेडल पूर्ण दाबल्यावर? थांबत येताना, वेग दहाच्या खाली आला की?

एवढी उत्तरं मिळाली की निम्मा तपास झाला म्हणायला हरकत नाही. थंडपणी उशीर आणि गरम झाल्यावर ठीक, याचा अर्थ बहुधा कमी ऑइल, कडक झालेले सील किंवा रात्रभरात कन्व्हर्टरमधून खाली उतरलेलं ऑइल. थंडपणी छान आणि गरम झाल्यावर स्लिप (इंजिन फिरतं पण ओढ मिळत नाही), हे जास्त काळजीचं, कारण तापून पातळ झालेल्या ऑइलचा दाब आतल्या गळतीतून निसटतोय. सगळे गिअर सारखेच कडक पडत असतील तर दाब नियंत्रित करणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह), वायरिंग किंवा इंजिनकडून येणारा चुकीचा संदेश यांच्यावर संशय घ्यायचा. एकच गिअर बिघडला असेल तर त्या गिअरचा सोलेनॉइड किंवा क्लच पॅक (आतल्या क्लच प्लेट्सचा संच).

बाहेरचं, बिनखर्चाचं

पहिली बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टीमीटर लावा. १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत, आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. गिअरबॉक्सचा कंट्रोलर व्होल्टेजला फार नाजूक असतो. मरतुकड्या बॅटरीवर तो नसलेले दोष नोंदवतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो. बॅटरीकडून बॉडीला आणि गिअरबॉक्सला जाणारी अर्थिंगची पट्टी सैल किंवा हिरवी पडलेली नाही ना, तेही बघून घ्या. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहिलेल्या गाडीत हे हटकून बघा.

दुसरं फाउंडेशन. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. एकाला आत बसवून ब्रेक घट्ट दाबून ठेवायला सांगा आणि 'डी'तून 'आर', 'आर'मधून 'डी' असं दोन-तीनदा करायला लावा. तुम्ही गाडीच्या बाजूला उभे राहा, समोर नाही. इंजिन थोडं डोलणारच. पण ते उचलून आपटल्यासारखं हललं आणि त्याच वेळी ठक्क असा आवाज आला, तर तो झटका रबर फाटलेल्या फाउंडेशनचा आहे. दहा वर्षं झालेल्या गाडीत हे इतकं सर्रास सापडतं, की यावर बोट ठेवल्याशिवाय गिअरबॉक्सची चर्चाच सुरू करू नये असं माझं मत.

तिसरं, इंजिनची आयडलिंग. थंडपणी इंजिन १२००-१५०० वर फिरत असताना 'डी'त टाकलं तर कुठलीही चांगली गाडी धक्का देते. आरपीएम खाली येऊ द्या, मग टाका. गरम झाल्यावरही आयडल जास्तच असेल तर थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या.

लिव्हर 'पी'मधून हलतच नसेल तर घाबरू नका. मागे जाऊन ब्रेकचा दिवा लागतो का ते बघा. लागत नसेल तर फ्यूज किंवा ब्रेक पेडलचा स्विच गेलाय. गाडीला ब्रेक दाबलाय हेच कळत नाही, म्हणून ती लिव्हर सोडत नाही. बऱ्याच गाड्यांत लिव्हरशेजारी एक लहान झाकण असतं. त्याखालची खाच किल्लीने दाबली की लिव्हर सुटते. आणि गाडी 'पी'त स्टार्ट होत नाही पण 'एन'मध्ये होते, किंवा मीटरवर गिअरचं अक्षर कधी दिसतं कधी गायब होतं, असं असेल तर लिव्हरची जागा सांगणारा इनहिबिटर स्विच किंवा केबलची सेटिंग बघा. हा स्विच गिअरबॉक्सच्या बाहेर असतो. त्याच्यासाठी गिअरबॉक्स उघडावा लागत नाही.

ऑइल: इथे घाई नको

ऑटोमॅटिकमध्ये ऑइल फक्त वंगणाचं काम करत नाही. तेच दाब देतं, तेच क्लच दाबतं, कन्व्हर्टरमध्ये ताकदही तेच पोचवतं. त्यामुळे अर्धा लिटर कमी असलं तरी गाडी बोलायला लागते.

पातळी बघायची पद्धत कंपनीगणिक वेगळी असते, आणि बहुतेक चुका इथेच होतात. जुन्या होंडात गाडी पूर्ण तापवून, सपाट जागी इंजिन बंद करून, साधारण ६० ते ९० सेकंदांच्या आत डिपस्टिक बघायची. ह्युंदाई, टोयोटासारख्या डिपस्टिक असलेल्या इतर बऱ्याच गाड्यांत इंजिन आयडलवर चालू ठेवून, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून एकदा फिरवून, मग मॅन्युअल सांगेल त्याप्रमाणे 'पी' किंवा 'एन'मध्ये. होंडाचं ऑइल इंजिन चालू ठेवून बघितलं तर ते कमी दिसतं, मग माणूस वरून ओततो आणि पातळी जास्त होते. जास्त ऑइलही वाईटच. फिरत्या भागांनी त्याचा फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही. काही गाड्यांत डिपस्टिकच नसते. तिथे गाडी लिफ्टवर सपाट धरून, ऑइलचं तापमान स्कॅनरवर (गाडीच्या कंट्रोलरमधली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर) बघून, खालच्या प्लगमधून पातळी तपासतात. हे रस्त्याकडेच्या गॅरेजचं काम नाही.

आता डिपस्टिकवरचं ऑइल पांढऱ्या टिश्यूवर टेकवा आणि मिनिटभर थांबा. लालसर, पारदर्शक डाग पसरला तर उत्तम. तपकिरी झालं असेल पण वास नेहमीचाच, तर ऑइल म्हातारं झालंय, एवढंच. काळं, आणि जळका वास मारतंय, मध्ये बारीक काळी पूड राहिली, तर क्लचचं अस्तर झिजलंय. चमचमणारे धातूचे कण दिसले तर बेअरिंग किंवा गिअरच. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी चिकट साय जमणं मात्र नॉर्मल आहे, ते दाखवून कोणी घाबरवलं तर घाबरू नका. खवल्यासारखे तुकडे असतील तर गोष्ट वेगळी.

ऑइल गुलाबी आणि दुधाळ दिसलं, तर गाडी तिथेच थांबवा. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या ऑइलचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. तो आतून फुटला की कूलंट ऑइलमध्ये शिरतं आणि क्लचच्या अस्तराचा गोंद सुटायला लागतो. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीतही ऑइल असंच दिसू शकतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात जे पाणी भरलं, तशा पाण्यात उभी राहिलेली गाडी नंतर धुऊन-पुसून दुसऱ्या शहरात विकायला येऊ शकते. सीटखालचं कार्पेट, सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याचं शेवटचं टोक आणि वायरिंगच्या कप्लरमधला गाळ बघा.

ऑइल कोणतं भरायचं, हा वादाचा विषय नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. पाच गिअरच्या सिटीला आधी झेड-१ होतं, त्याची जागा डीडब्ल्यू-१ ने घेतली. जुन्या ह्युंदाईला एसपी-३. निसानच्या सीव्हीटीला एनएस मालिकेतलं, होंडाच्या नव्या सीव्हीटीला एचसीएफ-२. "लाल आहे ना, मग चालतंय" म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका. सीव्हीटीत साधं एटीएफ (टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकचं ऑइल) गेलं, तर पट्टा आणि पुली यांची पकडच बिघडते.

"जुन्या गाडीचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो" असं सगळीकडे ऐकायला मिळतं. बहुतेक वेळा घडतं ते असं: गाडी आधीच स्लिप मारत असते, म्हणून ऑइल बदललं जातं, झिजलेले क्लच महिनाभरात हात टेकतात आणि खापर नव्या ऑइलवर फुटतं. मात्र मशीन लावून दाबाने फ्लश करणं जुन्या गाडीत मीही टाळेन, कारण तळाचा गाळ हलून व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांमध्ये अडकू शकतो. प्लग उघडून निघेल तेवढं काढायचं आणि तेवढंच भरायचं. एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं ऑइल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्येच राहतं. थोडे किलोमीटर चालवून आणखी दोनदा तसंच करा. गाडी स्लिप मारत नसेल आणि फक्त गिअर कडक पडत असेल किंवा हलकी थरथर असेल, तर एवढ्यावरही पुष्कळ फरक पडतो. काळं, जळकं ऑइल आणि सोबत स्लिप असेल तर नवं ऑइल भरून गिअरबॉक्स वाचणार नाही.

स्कॅनर लावा, पण कोड मिटवू नका

डॅशबोर्डवर 'डी' लुकलुकत असेल (होंडात हीच खूण), ओ/डी (ओव्हरड्राइव्ह) ऑफचा दिवा लुकलुकत असेल किंवा इंजिनचा दिवा लागला असेल, तर कंट्रोलरने काहीतरी दोष कोडच्या रूपात नोंदवून ठेवलाय. स्वस्तातलं ब्लूटूथ अडॅप्टर बहुतेकदा फक्त इंजिनचे कोड वाचतं. तिथे पी०७०० दिसला तर त्याचा अर्थ एवढाच, की खरी नोंद गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये आहे. तिथपर्यंत पोचणारा स्कॅनर असलेलं गॅरेज शोधा.

कोड वाचताना लक्षात ठेवायचं, की तो सर्किटचं नाव सांगतो, कोणता पार्ट बदलायचा ते सांगत नाही. पी०७१५ आणि पी०७२० हे वेगाच्या सेन्सरचे. बऱ्याच गाड्यांत हे सेन्सर बाहेरून निघतात, आणि एवढ्यावर सुटलं तर नशीबच. पी०७५० पासून पी०७७० पर्यंतचे शिफ्ट सोलेनॉइडचे. आधी कप्लर काढून आत ओल किंवा गंज आहे का बघा, मग सोलेनॉइडचा रेझिस्टन्स मोजा. साध्या ऑन-ऑफ सोलेनॉइडचा सहसा १० ते २५ ओहमच्या आसपास असतो, दाबाच्या लिनियर सोलेनॉइडचा पाचच्या जवळपास. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिळेल. पी०७४१ हा कन्व्हर्टरच्या लॉक-अपचा (कन्व्हर्टरची दोन्ही टोकं थेट जोडणाऱ्या क्लचचा). पी०७३० ते पी०७३४ आले तर मात्र गंभीर व्हा. मागितलेला गिअर आणि मिळालेला वेग जुळत नाही, असं ते सांगतात. सेन्सर चांगले असतील तर ती आतली स्लिपच.

कोड मिटवण्याआधी सगळ्यांचा फोटो काढा, फ्रीझ फ्रेमचाही (दोषाच्या क्षणी साठवलेली आकडेवारी). दोष घडला तेव्हा ऑइल किती तापलं होतं, वेग किती होता, हे त्यात असतं. नवी बॅटरी बसवल्यावर काही गाड्या शिकलेलं विसरतात आणि थोडे दिवस गिअर वेडेवाकडे पडतात. तेवढा वेळ द्या, काहींना स्कॅनरवरून रीलर्न करावं लागतं.

रस्त्यावरची चाचणी

गाडी रात्रभर थंड झालेली हवी. ब्रेक दाबून 'एन'मधून 'डी'त टाका आणि गाडीने ओढ घेतल्याचं जाणवेपर्यंत किती वेळ जातो ते मोजा. टोयोटाचं माप आहे 'डी'ला १.२ सेकंदांच्या आत, 'आर'ला १.५ च्या आत, पण ते गरम ऑइलवरचं. म्हणून थंडपणी एकदा आणि चाचणी संपल्यावर पुन्हा मोजा. गरम झाल्यावरही दोन सेकंदांच्या पुढे गेलं तर दाब कमी पडतोय.

मग हलक्या रेसवर मोकळ्या रस्त्याला लागा. गिअर पडताना आरपीएमचा काटा खाली यायला हवा. तो आधी वर उडी मारून मग खाली आला, तर त्या दोन गिअरमध्ये स्लिप आहे. कोणत्या दोन, ते मोजून लिहा. गाडी सिग्नलवरून जड उचलत असेल आणि लिव्हर 'एल' किंवा '२'वर ठेवूनही पिकअप बदलत नसेल, तर ती बहुधा लिंप मोडमध्ये (दोष दिसल्यावर कंट्रोलर गाडी एकाच गिअरवर ठेवतो ती अवस्था) दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर अडकलीय. अशी गाडी ताणू नका.

सगळ्यात फसवी तक्रार म्हणजे ५० ते ७० च्या वेगात, हलक्या रेसवर येणारी थरथर. रस्त्यावरच्या बारीक रंबलरवरून गेल्यासारखं सेकंद-दोन सेकंद वाटतं. मागे कोणी नाही हे आरशात बघा, उजवा पाय रेसवर तसाच ठेवा आणि डाव्या पायाने ब्रेक पेडल फक्त मागचा दिवा लागेल इतकंच दाबा. ब्रेकचा संदेश मिळताच कंट्रोलर लॉक-अप सोडतो आणि आरपीएम थोडा वर जातो. थरथर त्याच क्षणी थांबली तर लॉक-अप क्लचवर संशय घ्यायचा. पण निकाल लगेच देऊ नका. लॉक-अप सुटला की कन्व्हर्टर इंजिनची हलकी मिसिंगही पोटात घेतो. म्हणून आधी स्पार्क प्लग आणि कॉइल तपासा, स्कॅनरवर मिसफायरची मोजणी बघा. उभ्या गाडीतही इंजिन थरथरत असेल तर गिअरबॉक्सला दोष देऊ नका.

नंतर गाडी खरी तापवा. पुण्याकडचे असाल तर कात्रजचा जुना घाट, नाशिककडचे असाल तर कसारा. चढावर पेडल पूर्ण दाबून गिअर खाली पडतो का, पडताना मध्येच रिकामं फिरतं का, ते बघा. घाट उतरताना '२'वर टाकून इंजिन गाडीला धरून ठेवतं का, तेही. वर पोचल्यावर सपाट जागी रिव्हर्स घ्या. थंडपणी चालणारा आणि गरम झाल्यावर गायब होणारा रिव्हर्स म्हणजे आतलं काम आलंच.

स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून 'डी'त पूर्ण रेस देणं, मुद्दामच शेवटी ठेवलीय. ती पाच सेकंदांच्या वर करायची नाही, आणि स्लिप मारणाऱ्या गाडीत तर मेकॅनिकनेही विचार करूनच करावी. एएमटी आणि ड्युअल क्लचमध्ये करायचीच नाही, आणि सीव्हीटीतही स्वतः करून बघू नका.

एएमटी, सीव्हीटी, डीसीटी

एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच प्लेटसकट. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र बसवलेलं. पहिल्याचा दुसरा पडताना मान पुढे जाणं हा तिचा स्वभाव आहे. बिघाड ओळखायचा तो असा: चढावर जळका वास, उचलताना थरथर, गिअर न पडता 'एन' दिसणं. सेलेरिओसारख्या गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडलं की हायड्रॉलिक पंपाचा घरघर आवाज येतो, तो नॉर्मल. इग्निशन चालू ठेवून गाडी उभी असताना पंप सारखा सारखा सुरू होत असेल तर दाब टिकत नाहीये: अ‍ॅक्युम्युलेटर (दाब साठवणारा भाग) किंवा गळती. नवीन क्लच प्लेट टाकल्यावर स्कॅनरवरून क्लचचं लर्निंग केलं नाही, तर गाडी आधीपेक्षा वाईट चालते. घाटातल्या ट्रॅफिकमध्ये रेसवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर क्लच लवकर संपतो, हे एएमटीवाल्यांना सांगून सांगून लोक थकले.

सीव्हीटीत इंजिनचा आवाज आधी वाढतो आणि वेग मागून येतो, ते चालायचंच. वेगाबरोबर चढत जाणारी शीळ आणि कमी वेगातले हिसके ही धोक्याची लक्षणं. सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीमध्ये ट्रॅफिकमधली थरथर क्लच पॅककडे बोट दाखवते. मीटरवर गिअरची अक्षरं लुकलुकून ओढच गेली, तर मेकाट्रॉनिक युनिटकडे (कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह एकत्र असलेला भाग).

विकत घेण्याआधी

गाडी थंडच बघायची अशी अट घाला. आधीच तापवून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी या. स्कॅनरवर कोड शून्य दिसले तर 'रेडिनेस मॉनिटर' (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का ते दाखवणारी यादी) बघा. बरेचसे अपूर्ण दाखवत असतील, तर कोड नुकतेच मिटवलेत किंवा बॅटरी काढून लावलीय. २०१३ च्या एप्रिलपासून ओबीडी-२ (गाडीतली दोष नोंदवणारी प्रमाणित यंत्रणा) सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाड्यांत ही सोय मिळेलच असं नाही. सर्व्हिसच्या बिलांत ऑइलचं नाव आणि लिटर लिहिलेत का, तेही बघा.

गिअरबॉक्स उघडायचीच वेळ आली तर तीन गोष्टी लिहून घ्या: कोणत्या चाचणीवरून उघडायचा ठरलं, जुने पार्ट परत मिळणार का, आणि कन्व्हर्टर व कूलर लाइन धुणार का. जुन्या गिअरबॉक्सचा कचरा कूलरमध्ये राहिला तर नवीनही जातो. कुर्ल्यासारख्या जुन्या पार्टच्या बाजारातून दुसरा गिअरबॉक्स आणणार असाल तर त्यावरचा मॉडेल कोड आपल्या गाडीशी अक्षर न् अक्षर जुळवा, आणि बसवण्याआधी त्याचंही ऑइल टिश्यूवर टेकवून बघा.

गाडी रस्त्यातच बसली तर ढकलून स्टार्ट होत नाही, आणि दोरी बांधून ओढूही नका. इंजिन बंद असताना आतला पंप फिरत नाही, चाकं मात्र गिअर फिरवत राहतात, तेही कोरडे. टोइंगवाल्याला फोन करतानाच "गाडी ऑटोमॅटिक आहे, फ्लॅटबेड पाठवा" असं स्पष्ट सांगा. तो मिळतच नसेल तर ज्या चाकांना इंजिनची ओढ आहे ती उचलूनच न्यायला लावा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची असतात.